पंपिंग पंचवीस टक्के

आमच्या ओपीडीत माणसं नावाआधी पंपिंग सांगतात. "माझं पंचवीस, मॅडम." "आईचं तीस होतं, आता पस्तिसावर आलंय." हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, तो हा आकडा. टू-डी इकोच्या कागदावर एका ओळीत छापलेला असतो आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत शाळकरी नातवालाही पाठ असतो. धडधाकट माणसाचंही पंपिंग शंभर नसतं, साठीच्या आसपासच असतं, एवढं सांगितलं तरी निम्म्या नातेवाइकांचे चेहरे सैल होतात.

मग ठरलेले प्रश्न. जिना चढताना धाप लागते का? रात्री उशा किती घेता? चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर राहतो का? याची उत्तरं लोक घरूनच जुळवून आणतात. डोक्याबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. सांगते ती बायको, तीही नवरा वजनकाट्याकडे गेला की, खुर्ची पुढं ओढून. "ह्यांचं काय तरी बिनसलंय ओ मॅडम. एकच गोष्ट तीनतीनदा इचारत्यात. टीव्हीम्होरं बसत्यात, पण बघत न्हाईत. आन् काय बोलाय गेलं की अंगावर येत्यात." नवरा परत आला की पदर सावरून ती गप्प.

"वय झालं आता" हे या तक्रारीवरचं सर्वांना पटणारं उत्तर आहे. मला ते पटत नाही. २०१३ साली त्रिवेंद्रममधल्या १८ रुग्णालयांत हार्ट फेल्युअरनं, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडल्यानं, दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद झाली, तेव्हा त्यांचं सरासरी वय ६१ निघालं. पश्चिमेकडच्या देशांत हाच आजार साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो. एकसष्टाव्या वर्षी आपल्याकडची माणसं उसाला पाणी पाजत असतात, पतसंस्थेत संचालक असतात, नातीच्या ॲडमिशनसाठी पुण्याला खेटे घालत असतात. या वयातला विसराळूपणा वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं मला सोयीचं वाटतं, खरं वाटत नाही.

या विषयात मला ओढलं ते एका दूध संस्थेच्या निवृत्त सचिवांनी. गाव त्यांना अजून सचिवच म्हणतं, मी आण्णा म्हणते. हार्ट अटॅक येऊन गेलेला, पंपिंग पंचवीस. सारी नोकरी सकाळ-संध्याकाळ फॅट, एसएनएफ, लिटर आणि दर यांचा हिशेब कॅल्क्युलेटरला हात न लावता करण्यात गेलेली. त्यांना "ही गोळी आता अर्धी, ती दुपारची सकाळी" एवढं सांगितलं की ते मान डोलवायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा विचारायचे. घरी गेल्यावर जुनंच चालू. वॉर्डात 'ऐकत नाहीत' असा त्यांच्यावर शिक्का बसलेला होता. फाइलीत तो 'नॉन-कम्प्लायंट' म्हणून लिहितात, आणि एकदा लिहिला की पुढचे सगळे डॉक्टर त्याच चष्म्यातून माणसाकडे बघतात.

मी त्यांना 'मोका' ही चाचणी दिली. मॉन्ट्रियलच्या झियाद नासरेद्दीन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेली, तीस गुणांची, दहाएक मिनिटांची. तिच्यात एक घड्याळ काढायचं असतं: गोल, आत आकडे, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. आण्णांनी गोल सुरेख काढला. बारा वर, सहा खाली, दोन्ही जागच्या जागी. मग पेन थांबलं. उजव्या बाजूचे आकडे त्यांनी दाटीवाटीनं बसवले, डावीकडं आल्यावर सातनंतर एकदम दहा टाकला, आठ-नऊ गाळल्याचं त्यांच्याच लक्षात आलं, ते खोडलं, पुन्हा लिहिलं. काट्यांची वेळ आली तेव्हा एक काटा अकरावर ठेवला आणि दुसरा दहावर. "दहा मिनिटं म्हंजे दहावरच की," असं म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि पेनला टोपण लावलं.

शंभरातून सात-सात वजा करताना त्र्याण्णव झटक्यात आले, शहाऐंशीला वेळ लागला, पुढं "कुठवर आलो हुतो?" लक्षात ठेवायला दिलेल्या पाच शब्दांपैकी दोनच उरले. पण मी "एक रंग होता" एवढं सुचवताच तिसरा निघाला, तसाच चौथाही. मला महत्त्वाचं वाटलं ते हे. शब्द आत गेलेले होते, जागेवर होते. वेळेवर बाहेर काढणं जमत नव्हतं. अल्झायमरमध्ये बहुधा सुचवूनही काही हाती लागत नाही. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत मला वारंवार दिसतो तो मंदावलेला वेग, सुटणारं अवधान, दोन गोष्टी एकदम धरून ठेवताना होणारी ओढाताण.

चाचणीवर माझा आंधळा भरवसा नाही, हेही सांगून टाकते. बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात. चौथीतून शाळा सुटलेल्या मावशींचं त्या एका गुणानं काय होणार? चष्मा घरी राहिलेला, एका कानानं कमी ऐकू येतं, बाहेर केस पेपरसाठी आरडाओरडा. अशात काढलेले गुण मी पेन्सिलीनं लिहिते. एखाद्या शिक्षकाच्या बावीस गुणांपेक्षाही घरच्या माणसाचं "आदी असं नव्हतं" हे वाक्य मला जास्त कामाचं वाटतं.

हृदय थकलं की मेंदूही थकतो, हे मला उशिरा कळलं; शिकताना आमच्या डोक्यात बसवलेलं चित्र वेगळं होतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण माणूस स्वस्थ पडलेला असताना हृदय मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त ढकलतं त्यातलं पंधरा टक्के, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, मेंदू घेतो. प्राणवायू तर वीस टक्के. पदरी साठा जवळजवळ नाही. पुरवठा पूर्ण तुटला की दहा सेकंदांच्या आतबाहेर शुद्ध हरपते. म्हणून शरीर त्याला जपतं. रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदूतल्या बारीक धमन्या आकसून किंवा सैलावून प्रवाह स्थिर ठेवतात. डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी १९५९ साली तोवरची मोजमापं एका आलेखात मांडली: सरासरी दाब ६० ते १५० यांच्या दरम्यान प्रवाहाची रेघ सपाट. तो आलेख आम्ही सगळ्यांनी परीक्षेत काढलाय. त्यातून एक सोयीचा समज तयार झाला: रुग्ण बोलतोय, दाब अगदीच पडलेला नाही, म्हणजे वर पोचतंय.

गंमत अशी की त्या आलेखाच्याही आधी, १९५० साली, अमेरिकेत पेरिट्झ शाइनबर्ग यांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत मेंदूचा रक्तप्रवाह मोजून तो घटल्याचं लिहून ठेवलं होतं. १९७७ मध्ये लॅन्सेटनं 'कार्डिओजेनिक डिमेन्शिया' या मथळ्याचं संपादकीय छापलं. तरी हृदयवाले छातीत आणि मेंदूवाले कवटीत, अशी वाटणी कायम राहिली. माझ्यापुरती ती मोडली कोपनहेगनच्या २००१ सालच्या एका छोट्या अभ्यासानं. अवघे डझनभर रुग्ण, सगळे थोड्या हालचालीनं धापा टाकणारे. झेनॉन वायू वापरून त्यांचा मेंदूचा रक्तप्रवाह मोजला, तो निरोगी माणसांपेक्षा ३१ टक्के कमी निघाला. यातल्या काहींचं पुढं हृदय-प्रत्यारोपण झालं आणि महिन्याभरात तो जवळपास निरोग्यांच्या पातळीला आला. मेंदू तोच, माणूस तोच, पंप तेवढा बदललेला.

आण्णांना मी हे कागदावर काढून दाखवलं. त्यांनी मध्येच अडवलं. "कालव्याला पाणी कमी सुटलं की पाटबंधारेवाले पाळी लावत्यात. तसंच न्हवं?" तसंच. कातडीची पाळी आधी कापली जाते, म्हणून हातपाय गार. मग आतडी, मग मूत्रपिंड; भूक मंदावते, लघवी कमी होते. मेंदूची पाळी सगळ्यात शेवटी, पण आजार वर्षानुवर्षं रेंगाळला की तीही कापली जातेच. "आन् खाली पाणी तुंबलं तर वरनं येणारं बी मंद हुतंय," त्यांनी स्वतःच भर घातली. घड्याळात आठ-नऊ गाळणाऱ्या माणसानं हे दोन वाक्यांत मांडावं, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

कारण त्यांनी सांगितलेली तुंबण्याची बाजू डॉक्टरही विसरतात. मेंदूतून रक्त पुढं सरकतं ते धमनीतला दाब आणि शिरेतला दाब यांच्यातल्या फरकावर. निरोगी माणसात सरासरी दाब ९३ आणि शिरेतला ५ धरला, तर ढोबळमानानं ८८ हाताशी. माझ्यासमोर अर्धवट टेकून बसलेल्या रुग्णाचा बीपी ९० बाय ५२, म्हणजे सरासरी ६५, आणि मानेतली शीर कानाच्या पाळीपर्यंत फुगलेली, समजा १८. उरले ४७. बीपीचं यंत्र फक्त अर्धी गोष्ट सांगतं. लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरल्यावर "डोकं हलकं झालं" असं जे रुग्ण म्हणतात, त्यात एक कारण हेही असावं असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट श्वासाची. ही बघायला रात्रीच्या राउंडला थांबावं लागतं. झोपलेल्या रुग्णाचा श्वास हळूहळू मोठा होत जातो, छाती भात्यागत वरखाली होते, मग श्वास लहान लहान होत थांबतो. पूर्ण थांबतो. शेजारी चटईवर झोपलेली बायको उठून बसते, नाकापुढं हात धरते. आणि पुन्हा पहिल्यापासून. डब्लिनमध्ये काम करणाऱ्या जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून चेन-स्टोक्स श्वसन. फुप्फुसातून निघालेलं रक्त मंद गतीमुळं मेंदूतल्या श्वासकेंद्रापर्यंत उशिरा पोचतं, केंद्राला शिळी बातमी मिळते, आणि तेही जास्तच हळवं झालेलं असतं; म्हणून कधी अति, कधी काहीच नाही. मोठमोठ्या श्वासांत कार्बन डायऑक्साइड जास्त उडून जातो, आणि मेंदूच्या धमन्या या वायूच्या फार तंत्रानं वागतात: रक्तातला त्याचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरनं उतरला की प्रवाह तीन-चार टक्क्यांनी घटतो. त्यात झोपेची चाळण. सकाळी अशा माणसाला "काल काय जेवलात?" असं विचारून त्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेणं मला अन्यायाचं वाटतं.

सगळा दोष रक्तप्रवाहाच्या माथी मारता येत नाही. अनियमित ठोक्यांमुळं किंवा सुस्त कप्प्यात गुठळी होऊन मेंदूत बारीक बारीक इजा झालेल्या असतात. सोडियम उतरलेलं असतं, रक्त कमी असतं, थायरॉइड असतो. आणि खचलेपण असतं, जे आपल्याकडे 'तब्येतीचा विचार करत बसतात' या सदरात मोडतं. झोपेची गोळी कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली असते, ती कायमची चालू असते. माझ्या अनुभवात पिशवी उलटी करून बघितल्याशिवाय ती सापडत नाही. डोकं एकाएकी, दोन-चार दिवसांत बिघडलं, तर मी रक्तप्रवाहाच्या गप्पा मारत बसत नाही. सोडियम, जंतुसंसर्ग, पक्षाघात हे आधी बघते.

आता बीपीचं भांडण. घरात डिजिटल यंत्र आलं आणि हे भांडण वाढलं. ९६ दिसलं की फोन येतो, किंवा फोन न करताच गोळ्या बंद होतात. एका रुग्णाच्या नात्यातल्या 'मेडिकल लाइन'मधल्या कुणीतरी "मेंदूला रक्त जाणार नाही" असं सांगून त्यांच्या तीन गोळ्या एकदम थांबवल्या होत्या. तर्क वरवर बिनतोड आहे: दाब कमी, म्हणून पुरवठा कमी. पण १९८४ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी तीव्र हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना कॅप्टोप्रिल सुरू करून आधी-नंतर मोजलं, तेव्हा दाब उतरला आणि मेंदूचा प्रवाह मात्र वाढला. या आजारात जी रसायनं धमन्यांना आवळून धरतात, त्यांचाच हात ही औषधं सैल करतात, आणि हृदयाचं ओझंही उतरतं. म्हणून आकड्याइतकंच मी माणसाला विचारते. ९६ आहे पण गरगरत नाही, आंघोळीहून येताना भिंत धरावी लागत नाही? मग गोळी चालू. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते, आरतीला उभं राहवत नाही? मग बसवून आणि उभं करून दोन्ही वेळा बीपी बघते, आधी लघवीची गोळी जास्त तर होत नाही ना ते तपासते, आणि बाकीच्यांच्या वेळा फोडून देते.

इथंच या आजाराची खरी खोड आहे. आज आमच्याकडं चार गटांची औषधं आहेत आणि चारही लागतात. वर लघवीची गोळी, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करणारी, साखरेची. काही अर्ध्या, काही दोनदा, एखादी एक दिवसाआड. वर रोज वजन लिहा, पाणी मोजून प्या, पापड-लोणचं-खर्डा बंद, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. ज्याचं अवधान आणि आखणी मंदावलीय त्याच्याच हातात आपण सगळ्यात किचकट वेळापत्रक ठेवतो, आणि ते बिघडलं की त्याला हट्टी म्हणतो.

आम्ही आमच्यापुरती पद्धत बदलली. एका भेटीत एकच बदल. घड्याळातल्या वेळा सोडून चहा, जेवण, रात्रीच्या बातम्या यांच्याशी गोळ्या बांधायच्या. "समजलं का?" हा प्रश्न बाद, त्याला सगळेच हो म्हणतात. "घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगणार, ते मला सांगा," असं विचारायचं. दुकानदारानं कंपनी बदलून दिली की गोळीचा रंग बदलतो आणि जुनी-नवी दोन्ही सुरू राहतात, म्हणून नवीन स्ट्रिपचा फोटो सिस्टरच्या व्हॉट्सॲपवर. एसटीनं लांब जायचं असेल त्या दिवशी लघवीची गोळी लोक गिळतच नाहीत, आणि मला त्यांचा राग येत नाही. स्टँडवरच्या मुताऱ्या मी बघितल्यात. त्या दिवशी गोळी पोचल्यावर घ्या, पण वगळू नका.

आणि प्रत्येक रुग्णामागं दुसरा माणूस. त्याशिवाय चिठ्ठी लिहायला मला नको वाटतं. पण हा दुसरा माणूस आला की घरातली उतरंड हलते, याचा अंदाज मला सुरुवातीला नव्हता. आण्णांच्या गोळ्या सूनबाईंकडे गेल्या, ते त्यांनी चालवून घेतलं. मग मोटरसायकलची किल्ली गेली. मग सोसायटीच्या सभेला थोरला जाऊ लागला. शेवटी चेकबुक कपाटात गेलं, आणि ते आण्णांना लागलं. आजारानं अर्धं नेलं होतं, उरलेलं घरानं प्रेमापोटी काढून घेतलं.

औषधं नीट पोटात जायला लागल्यावर वर्षाच्या आत त्यांचं पंपिंग अडतिसावर आलं. सगळ्यांचं येत नाही. आलं तरी डोकं त्याच हिशेबात परततं असंही नाही. जिथं बारीक इजा झाल्यात तिथलं जातं ते जातंच. मोकाची दुसरी आवृत्ती दिली, कारण पहिलीतले शब्द पाठ होऊ शकतात. गुण वाढले, फार नाही, पण बेरीज-वजाबाकी न थांबता उतरली. त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "आता परत भांडाय लागल्यात." तक्रार होती की समाधान, मी विचारलं नाही.

त्याच भेटीत आण्णांनी विषय काढला. "चेकबुक परत पायजे. तुम्हीच सांगा ह्येला." थोरला माझ्याकडं बघायला लागला. चाचणीच्या गुणांवरून कुणाची सही ठरवावी, एवढा अधिकार त्या कागदाला नाही, आणि मलाही नाही, हे मी दोघांना सांगितलं. मग बोलता बोलता निघालं ते असं: चेक आण्णा लिहितील, स्टबवर नोंद आण्णा करतील, थोरला आकडा बघून बँकेत टाकेल.

"म्हंजे माझ्यावर ऑडिट लावलंसा," आण्णा म्हणाले.

"संस्थेत दरवर्षी हुतंयच की मामा," सूनबाई मागून म्हणाल्या.

ते त्यांना आवडलं नाही. गोळ्यांचा डबाही परत मागितला त्यांनी. त्याला मी सध्या नाही म्हटलं. पुढच्या भेटीला पुन्हा बोलायचं ठरलंय.